उद्योजक, उद्यमी की व्यावसायिक?

प्रश्न : बिझनेस स्कूलमध्ये 'उद्योजकता' आणि 'लघुव्यवसाय व्यवस्थापन' असे दोन पेपर असतात. मराठी टिपणांत मात्र दोन्हीकडे 'उद्योजक' हाच शब्द येतो. बिघडतं का काही त्यानं?

प्रतिसाद १ : बिघडतं. उद्योजक म्हणजे इंग्रजीतला 'आंत्रप्रेन्युअर'; त्यामागच्या मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ 'हाती घेणे'. अर्थतज्ज्ञ कॅन्टिलॉनच्या १७५५ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात हा माणूस म्हणजे ठरलेल्या भावानं घेऊन बेभरवशाच्या भावानं विकणारा. या व्याख्येत किरकोळ दुकानदारही बसतो. अर्थतज्ज्ञ शुम्पीटरनं १९११ मध्ये ती आवळली : नवी वस्तू, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा उद्योगाची नवी रचना, यांपैकी काही घडवून आणतो तो. घडी बसली आणि तो नुसता गाडा हाकू लागला की त्याचं उद्योजकपण संपलं. म्हणजे हा हुद्दा नव्हे, अवस्था आहे. दुकान चालू असतानाच माणूस 'माजी उद्योजक' होऊ शकतो!

प्रतिसाद २ : मराठीत 'उद्योजक' म्हटलं की आधी कारखाना डोळ्यांपुढे येतो. 'उद्यमी'ला तो वास नाही, पण तो विशेषणासारखा लागतो. 'उद्योगी'चा विचारच नको, 'नसते उद्योग' शेजारीच बसलेत. 'व्यावसायिक' सर्वांत निसरडा : डॉक्टरही व्यावसायिक, गाळेधारकही व्यावसायिक, आणि 'व्यावसायिक दृष्टिकोन' म्हणजे शिस्त की पैशावर डोळा, हे संदर्भावरच कळतं. पहिल्या पेपरला 'उद्योजक' आणि दुसऱ्याला सरळ 'व्यवसायमालक' ठेवावा.

प्रतिसाद ३ : नावांपेक्षा आकड्यांचे शब्द जास्त घात करतात. 'आज धंदा चांगला झाला' यातला धंदा म्हणजे विक्री, नफा नव्हे. 'मार्जिन'चंही तेच. ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर खरेदीवरची चढ २५ टक्के, पण विक्रीवरचं मार्जिन २०. विद्यार्थी '२० टक्के मार्जिन हवं' म्हणून ८० वर २० टक्के चढवतो, ९६ ला विकतो आणि हाती येतं १६.६७ टक्के. बरोबर रीत : खरेदीला (१ − ०.२०) नं भागा. 'चढ' आणि 'मार्जिन' हे दोन शब्द पहिल्याच तासाला फळ्यावर वेगळे लिहावेत.

'खेळतं भांडवल' हा मात्र नामी शब्द, पैसा खेळायचा थांबला की काय होतं ते त्यातच आहे. माल ३० दिवस पडून, गिऱ्हाइकाची उधारी ४५ दिवस, पुरवठादाराला पैसे द्यायची मुदत १५ दिवस : ३० + ४५ − १५, म्हणजे ६० दिवस पैसा अडकला. रोज २,००० चा माल लागत असेल तर अडकलेली रक्कम १,२०,०००. विक्री दुप्पट झाली की तीही दुप्पट. वहीत नफा आणि गल्ला रिकामा, असं होतं ते यामुळे. म्हणून 'नफा' आणि 'रोकड' एकमेकांच्या जागी वापरणाऱ्या उत्तराचे गुण कापावेत.

प्रश्नकर्ता : आणि 'ब्रेक-ईव्हन'ला 'ना नफा ना तोटा बिंदू'?

प्रतिसाद २ : तिथे गल्लत ठरलेली. 'ना नफा ना तोटा तत्त्वावर' म्हणजे सेवाभावी काम, असा अर्थ मराठीत आधीच रुजलाय. त्यापेक्षा 'खर्च निघेल एवढी विक्री' म्हणा.

प्रतिसाद ३ : त्यानं गणितही सोपं होतं. स्थिर खर्च ६०,०००, दर १००, नगामागचा बदलता खर्च ६० : नगामागे ४० उरतात, म्हणजे १,५०० नग. दहा टक्के सूट दिली की उरतात ३०, आणि नग लागतात २,०००. सूट दहाची, विक्री मात्र एक तृतीयांशानं जास्त हवी. मालकाचा स्वतःचा पगार स्थिर खर्चात धरायला बहुतेक विद्यार्थी विसरतात. तसं झालं तर निघालेला आकडा निरुपयोगी.

प्रतिसाद १ : एक शब्द राहिला. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये मांडलेल्या विचारात, नफा किती होईल याआधी किती गमावणं झेपेल ते ठरवायचं असतं. याला टिपणांत 'परवडणारा तोटा' लिहितात. ते कानाला विचित्र लागतं, जणू तोटा स्वस्तात मिळतोय. 'सोसवेल इतका तोटा' बरा. रक्कम आणि मुदत, दोन्ही आकड्यांत लिहून घ्यावीत.