अण्णांच्या पेटीतले पाने (स्पॅनर) कुठल्या गाडीचे? आणि हा वाकडा पाना कशाचा?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. कराडजवळ हायवेला आमचं गॅरेज आहे, अण्णांनी टाकलेलं, आता मी बघतो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरनं त्यांची जुनी पेटी काढली, मिल्ट्रीचा हिरवा पत्र्याचा डबा, दोघांनी धरून उतरवावा लागला एवढा जड. आत घण, छन्न्या, कानशी, एक मोठा पुलर आणि साठ-सत्तर पाने, सगळे गंजलेले. भंगारवाला योगायोगानं दारातच होता, म्हणाला किलोवर देऊन टाका. मी देणारच होतो खरं सांगतो, पण अण्णा खुर्चीतनं नुसतं बघत बसलेले, बोलले काही नाहीत, मग माझाच हात थांबला.

आता प्रश्न. अर्ध्या पान्यांवर ३/८ डब्ल्यू, ७/१६ डब्ल्यू असं काहीतरी कोरलंय आणि ते कशालाच बसत नाहीत. ३/८ वाला १७ च्या नटावर ढिला होतो आणि १९ ला लागतच नाही. हे नक्की कुठल्या गाडीचे?

दुसरं, एक पाना तापवून वाकवलाय, जवळजवळ काटकोनात, आणि तोंड ग्राइंडरवर घासून पातळ केलंय, नंबर घासण्यात गेलाय. अण्णांच्या प्रत्येक हत्यारावर सेंटर पंचचे तीन ठिपके असतात, ती त्यांची खूण, ह्याच्यावर छन्नीच्या दोन खाचा आहेत. अण्णा ८२ चे, कान गेलेत, ओरडून विचारलं तर नुसता हात हलवतात. हा कशाला बनवला असेल?

इंची_फिटर
अहो भंगारात देऊ नका, हात जोडतो. ते व्हिटवर्थचे पाने. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, इंग्लंडचा इंजिनिअर, त्यानं १८४१ साली आट्यांचं माप ठरवून दिलं, ५५ अंशाचा आटा. आपल्या मिलीमीटरच्या बोल्टला ६० अंश असतो, म्हणून तो बोल्ट ह्या नटात दोन आटे जातो आणि मग अडकतो, आणि कोणीतरी शहाणा टॉमी (लांब दांडा) लावून पुढं दाबतो आणि मग सगळ्याचीच वाट लागते.

तुमचा घोटाळा कुठं होतोय सांगतो. आजच्या १७ च्या पान्याचं तोंड १७ मिलीमीटर असतं, बरोबर? व्हिटवर्थच्या पान्यावर तोंडाचं माप नसतंच, बोल्टच्या जाडीचं असतं. ३/८ डब्ल्यूचं तोंड साधारण १८ मिलीमीटर भरतं. म्हणून १७ ला ढिला आणि १९ ला बसत नाही. नीट पुसून बघा, त्याच तोंडावर ७/१६ बीएस असंही लिहिलेलं सापडेल, म्हणजे बारीक आट्याच्या त्या मापाच्या बोल्टला हाच पाना. जुन्या लेलँड कॉमेट ट्रकवर हे बारीक आट्याचे बोल्ट असायचे. म्हणजे अण्णांनी लेलँड केलेल्या आहेत.

मी आयटीआयनंतर एका कारखान्यात अप्रेंटिस होतो, तिथं टूलरूमच्या खिडकीत पितळी टोकन द्यायचं आणि पाना घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात मी ३/८ मागितला, आतल्या काकांनी विचारलं "कुठला ३/८?" मी म्हटलं ३/८ म्हणजे ३/८. त्यांनी तीन पाने समोर ठेवले, तिघांची तोंडं वेगळी. त्या दिवशी कळलं की पान्याचा नंबर नुसता वाचून भागत नाही.

फार्गोचा_नातू
पेटीत निव्वळ इंची, म्हणजे ९/१६, ३/४ असे, पुढं अक्षर नसलेले पाने आहेत का बघा. ते अमेरिकन मापाचे, त्यात नंबर म्हणजे तोंडच. आमच्या आजोबांकडं फार्गो होती. कुर्ल्याच्या प्रीमियरमधनं डॉज, डिसोटो, फार्गो अशी तीन नावं निघायची, ट्रक मात्र एकच, पुढची जाळी आणि बिल्ला बदलला की झालं. आजोबा म्हणायचे तिघी सख्ख्या बहिणी, सासरं वेगळं.

कोयनाकाठ
आहेत की! ९/१६, ५/८, ३/४ सगळे आहेत. आणि मिलीमीटरचे पण, १०, १३, १७, १९, २२.

डिझेलवास
मग तुमच्या अण्णांनी कोणकोणत्या गाड्यांखाली पाठ टेकली ते पेटीतच लिहिलंय की हो. डब्ल्यूचे पाने लेलँडचे, अक्षर नसलेले इंची फार्गोचे आणि मिलीमीटर टाटाचे. टाटा आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४ चा, १९६९ पर्यंत चालला, तोवर जमशेदपूरच्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा असायचा. जर्मन गाडी म्हणून माप मिलीमीटरचं. म्हातारे मिस्त्री तारा गेल्यावरसुद्धा वर्षानुवर्षं "मर्शिडी आलीय कामाला" असंच म्हणायचे.

मी शिकलो टाटाच्या १२१० ट्रकवर. इंजिनचा नंबर ६९२, नंतर ६९७ आलं, त्याचा अर्थ आजकालच्या पोरांना सांगितला की डोळे मोठे करतात. सहा सिलिंडर, ९२ मिलीमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी. सहा सिलिंडर, ९७ चा बोअर. बस एवढंच, नावातच सगळं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावायला वस्तादानं शिकवलं ते अजून बोटात आहे. फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवायचं आणि सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बघायचे, एक मिटत आलाय आणि दुसरा उघडायला लागलाय अशी दोघांची झुलणी सुरू झाली की थांबायचं, आता एक नंबर लावायचा. पाचचा लावायचा तर दोनवर नजर, तीनचा लावायचा तर चारवर. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत सरकवलं की ते नुसतं जाऊन चालत नाही, ओढताना बोटाला किंचित चिकटल्यासारखं लागलं पाहिजे. वस्ताद हे सांगत नव्हता, तो आधी स्वतः ओढायचा, मग माझ्या हातात द्यायचा, मग परत स्वतः. बारका (शिकाऊ पोरगा) चुकला की गेजचीच पट्टी हातावर.

आता तुमचा वाकडा पाना. माझी पैज, तो टाटाच्या डिझेल पंपाचा. पंप पुढं फ्लँजला बसतो आणि इंजिनच्या अंगाकडचा एक नट असतो, तिथं ना सरळ पाना जातो ना बोटं. प्रत्येक गॅरेजात त्याच्यासाठी असा एक बळी दिलेला पाना असायचाच. नवीन चांगला पाना भट्टीत घालताना मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

इंची_फिटर
पंपाचा नसावा. तोंड एवढं पातळ केलंय तर मला मॅनिफोल्डचा (इंजिनला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांचा) मागचा नट वाटतो, केबिनच्या भिंतीजवळचा.

डिझेलवास
मॅनिफोल्डला वाकवायची काय गरज साहेब, तिथं वरनं हात जातो. केलंय का कधी?

इंची_फिटर
केलंय म्हणूनच सांगतोय.

स्कॅनरभाऊ
राग मानू नका पण तुमच्यासारखी मंडळी जमली की असं वाटतं जुनं सगळं सोनं होतं. मी ३४ चा, बीएस ६ च्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाच्या, गाड्या करतो, लॅपटॉप लावून. पण शिकलो जुन्याच गाड्यांवर आणि पहिल्या दोन वर्षांत कंबर गेली. गिअरबॉक्स उतरवायला खाली ट्रॉली नाही, दोघांनी छातीवर घ्यायचा. ब्रेकचे ड्रम उघडून हवा मारायची, ती लायनरची धूळ ॲस्बेस्टॉसची, आम्ही तोंडाला फडकंसुद्धा बांधत नव्हतो. पॉवर स्टेअरिंग नसलेली भरलेली गाडी जागेवर वळवताना ड्रायव्हरचे दंड बघितलेत का, आणि पन्नाशीत तेच खांदे बघितलेत का? वस्तादाच्या हातच्या माराचं पण कौतुक नको.

एवढं मात्र मान्य, लॅपटॉप कोड देतो, उंदरानं वायर कुठं कुरतडली ते नाही देत, त्याला परत गाडीखालीच जावं लागतं.

आणि गंज काढायचा असेल तर ॲसिडमध्ये बुडवू नका प्लीज, कडक लोखंड ठिसूळ होतं, जोर लावला की काडकन. ग्राइंडर पण नको, नंबर जातील. आधी रॉकेल किंवा डिझेलनं ग्रीस काढा, मग काकवी एक भाग आणि पाणी दहा भाग असं करून आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. वास घाण येतो आणि मुंग्या येतात, घरात ठेवू नका, बायको बाहेर काढेल. मग तारेचा ब्रश, धुवायचं, लगेच कोरडं करून तेल.

डिझेलवास
भाऊ तुमचं पटतंय. माझा डावा गुडघा त्याच गाड्यांनी खाल्लाय. पण काकवीचं नवीन कळलं.

गिअरबॉक्सताई
सगळे पंप का मॅनिफोल्ड ह्यावर भांडताय, पण कोयनाकाठ दादांनी लिहिलंय ते कुणी नीट वाचलं का? अण्णांची खूण तीन ठिपके, प्रत्येक हत्यारावर. ह्या पान्यावर दोन खाचा. माझ्या वडिलांचं पण गॅरेज होतं, खूण बघितल्याशिवाय ते कुणाचा पाना पेटीत टाकत नसत. हा अण्णांचाच आहे का?

कोयनाकाठ
ताई, तुम्ही बरोब्बर पकडलं. आणि सगळ्यांची माफी, तीन दिवस गायब होतो.

काल संध्याकाळी तो पाना पुसून अण्णांच्या हातात दिला, काही विचारलंच नाही. त्यांनी बघितला, अंगठा त्या खाचांवरनं फिरवला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खणखणीत आवाजात म्हणाले, "हा माझा न्हाई. मलकापूरच्या मिस्त्रीचा. द्यायचा राहिला." मी कानाशी जाऊन विचारलं कधी आणला होता? तर म्हणे मर्शिडीचा पंप उतरवायला, तू शाळेत पण नव्हतास. (डिझेलवास, पैज जिंकलात. इंची_फिटर साहेब, चहा तुमच्याकडनं.) मग माझ्यावरच भडकले, दुसऱ्याचं हत्यार भंगारात घालायला निघाला होतास म्हणून.

आता रोज सकाळी एकच, दिला का? मलकापूरला जाऊन बघितलं, त्या गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान झालंय. दुकानवाल्यानं सांगितलं मिस्त्री गेले, पण मुलगा आहे, तिथंच पुढं पंक्चर काढतो. रविवारी अण्णांना गाडीत घालून नेतोय, ते म्हणतात मीच देणार. बाकीचे पाने काकवीत टाकलेत. मुंग्या आल्यात.