मदत हवी आहे: कॅटलॉगच्या फोटोंचे स्पेक नेमके कसे लिहायचे?

नौपाड्याची
नमस्कार. दोन वेगवेगळ्या फोटोग्राफरकडून कॅटलॉगचे फोटो काढून घेतले, आणि साइटवर शेजारीशेजारी लावले की दोन निराळ्या दुकानांचा माल वाटतो. एकाचे पिवळट, दुसऱ्याचे मळकट. एकाने सगळं वरून घेतलंय, दुसऱ्याने समोरून. बोलायला गेलं की दोघांचं एकच, "तसं तुम्ही आधी सांगितलं नव्हतं." लेखी दिलं होतं हो: पांढरी पार्श्वभूमी, क्लिअर फोटो, हाय रिझोल्यूशन, ३०० डीपीआय. अजून काय सांगायचं असतं? आता तिसऱ्याला काम द्यायचंय आणि दिवाळीच्या आधी सगळं साइटवर चढायला हवं. कुणाकडे तयार स्पेक शीट, म्हणजे फोटो नेमके कसे हवेत त्याची लेखी यादी, असेल तर कृपया द्या. यूट्यूब बघून झालंय, ते सांगू नका.

ऐरोलीकर
माल काय आहे? कपडे, दागिने, लोणची? त्यावर सगळं ठरतं. आणि फोटो फक्त साइटवर जाणार की छापायचेही आहेत?

खारघर_से_१२
तिसरा फोटोग्राफर कशाला? आजकालचा कुठलाही बरा मोबाईल आणि घडीचा लाइट बॉक्स घ्या, घरच्या घरी होतं. मी माझ्या साबणांचे सगळे फोटो असेच काढते. गिऱ्हाइकाला काही फरक कळत नाही.

लेन्सवाला
तुर्भ्याला माझा छोटा स्टुडिओ आहे, प्रॉडक्टचंच काम करतो. ताई, तुमच्या यादीतला एकही शब्द मोजता येत नाही. 'क्लिअर' म्हणजे किती? 'हाय' म्हणजे किती? जे मोजता येत नाही त्यावरून फोटो परत पाठवता येत नाही. ३०० डीपीआय, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके, हा आकडा दिसतो तांत्रिक, पण स्क्रीनसाठी त्याला अर्थ नाही. ६०० पिक्सेलच्या फोटोवरही ३०० डीपीआय लिहिता येतं. पिक्सेल सांगा.

बेलापूरचे_काका
फोटोंचे हक्क कोणाकडे राहतात ते बघितलं का? कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक काढून घेणारा. फोटोग्राफर बिलामागे उलटं छापतात आणि आपण न वाचता सही करतो.

नौपाड्याची
काका, हक्कांचं भांडण नाहीये, रंगांचं आहे.
ऐरोलीकर, माल म्हणजे पितळ, तांबं, थोडं कासं. समया, निरांजनं, पंचपात्र, पळी, तांबे, घंगाळं, परात. गोडाऊन वागळे इस्टेटला, शूट तिथेच होतं. स्वतःची साइट आहे, ॲमेझॉनवरही टाकायचंय. आणि हो, घाऊक व्यापाऱ्यांसाठी छापील कॅटलॉगही निघतो.

ऐरोलीकर
हे पहिल्या ओळीत हवं होतं! चकचकीत धातू म्हणजे सगळ्यात अवघड माल. आणि छापणार असाल तर डीपीआयला अर्थ आहे, लेन्सवाले. पूर्ण ए४ पान ३०० ला छापायचं तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात.

लेन्सवाला
तेच म्हणतोय, शेवटी पिक्सेलच लागतात ना! लिहा: मूळ फाइल लांब बाजूने किमान ४००० पिक्सेल, साइटसाठी वेगळी प्रत २००० × २००० चौकोनी. ॲमेझॉनवर झूम चालायला १००० पिक्सेल लागतात, ते त्यात आलंच. तिथे मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही रंगांचा आकडा २५५-२५५-२५५, वस्तूने ८५ टक्के चौकट भरायला हवी, फोटोवर अक्षर किंवा लोगो नको. हे आकडे तसेच्या तसे स्पेकमध्ये टाका. फोटो एडिटरमधला आयड्रॉपर (रंगाचा आकडा दाखवणारं टूल) चारही कोपऱ्यांत लावला की पास-नापास लगेच कळतं.

अनुस्वार
८५ टक्के ॲमेझॉनपुरतं ठीक. स्वतःच्या साइटवर सरसकट लावलं की बोटभर निरांजन आणि हातभर परात एकाच मापाची दिसतात. मग पार्सल उघडल्यावर "एवढंसंच?" असं होतं.

नौपाड्याची
अगदी हेच होतंय! परत आलेल्या मालात निरांजनं आणि लहान समयाच जास्त आहेत. मग काय लिहू?

अनुस्वार
मालाचे गट पाडा. लहान पूजेचं सामान, मध्यम भांडी, मोठी भांडी, उंच वस्तू. साइटसाठी प्रत्येक गटाची टक्केवारी वेगळी: लहानांना चौकटीचा निम्मा भाग, मोठ्यांना ८५. शिवाय दुसरा फोटो कायम मापाचा. उंची, तोंडाचा व्यास, वजन फोटोवरच लिहिलेलं, किंवा निरांजन तळहातावर. मुख्य फोटो मात्र कोरा.

लेन्सवाला
गट पाडायला हरकत नाही, पण आधी प्रकाश. गोडाऊनमध्ये ट्यूब चालू ठेवून शूट झालं का? आणि खिडकी?

नौपाड्याची
ट्यूब चालूच होत्या, माणसं काम करत असतात. एका बाजूला मोठी खिडकी आहे. त्याने काय होतं?

लेन्सवाला
सगळं त्यानेच होतं. खिडकीचा उजेड निळसर, ट्यूबचा वेगळा, फोटोग्राफरच्या दिव्याचा तिसरा. आणि पितळ म्हणजे आरसा. समोर जे असेल ते त्यात दिसतं, रंगासकट. लाल शर्ट घालून कोणी शेजारी उभं राहिलं तरी तांब्याच्या पोटावर लाल पट्टा येतो. लिहा: शूटच्या जागी बाकीचे सगळे दिवे बंद, खिडकीला काळा पडदा, सगळे दिवे एकाच जातीचे, ५५०० केल्विनच्या आसपास (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, शंभरपैकी) ९५ च्या वर. प्रत्येक वेळी दिवे हलवले की पहिली फ्रेम ग्रे कार्डासह (रंग ताडायला ठेवायचं ठरावीक राखाडी कार्ड), आणि ती फ्रेमही आपल्याला द्यायची. मग रंग बिघडला तर कुठे बिघडला ते दाखवता येतं.

खारघर_से_१२
एवढा खटाटोप कशाला? लाइट बॉक्समध्ये चारी बाजूंनी पांढरा उजेड असतो, आरसा असला तरी पांढरंच दिसणार ना.

ऐरोलीकर
तिथेच फसतं. चारी बाजूंनी पांढरं आणि मागेही पांढरं, की पितळेची कड पार्श्वभूमीत विरघळते. समईची चोच कुठे संपते ते कळत नाही. मग बॅकग्राउंड काढायचं ॲप ती चोच खाऊन टाकतं. आणि घरगुती लाइट बॉक्समध्ये निरांजन मावेल, परात मावणार नाही. साबणाला चालतं, धातूला नाही.

कासारवडवली
पोलरायझर फिल्टर लावायला सांगा, चमक जाते.

लेन्सवाला
लेन्सवर नुसता पोलरायझर लावून धातूवरची चमक जात नाही हो. काच, पाणी, वॉर्निश यांवरची जाते. आणि पितळेची सगळी चमक घालवायची कशाला, मग ते पितळ वाटेल का? उपाय साधा आहे. पांढऱ्या डिफ्यूजरमधून, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पडद्यातून, मोठा मऊ उजेड, आणि वस्तूच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जेमतेम बाहेर, काळ्या कार्डाच्या उभ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब काठावर पडतं आणि भांड्याला बारीक काळी रेघ मिळते. बघा एकदा करून, तांब्याचा गोलवा एकदम उठून येतो. वस्तू पार्श्वभूमीपासून दोन फूट तरी पुढे ठेवायची.

ऐरोलीकर
कोनही ठरवून द्या. समई, घंटा, उंच वस्तू: कॅमेरा वस्तूच्या निम्म्या उंचीवर, अगदी समतल, नाहीतर खांब वर निमुळता दिसतो. तांबे, पातेली, घंगाळं: थोडं वरून, १५ ते २० अंश, म्हणजे तोंडाचा गोल दिसतो. परात, ताम्हण: ४५ अंश आणि एक थेट वरून. मोबाईलची वाइड लेन्स जवळ नेली की तांब्याचं पोट फुगतं, म्हणून फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ ते १०० मिमीची लेन्स. आणि लेन्सचं छिद्र लहान, एफ/११ च्या आसपास, म्हणजे पुढचा आणि मागचा दोन्ही काठ शार्प.

वाशीची_सून
शूटच्या दिवशीच भांडी घासा. पावसाळ्यात आदल्या रात्री घासलेलं पितळ सकाळी काळवंडायला लागतं. चिंचेने किंवा पावडरने घासलं की नक्षीत पांढरं राहतं, जुन्या टूथब्रशने काढायचं, कोरडं पुसायचं, मग हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. बोटाचा ठसा फोटोत हमखास येतो. आणि एक विनंती, सजवलेल्या फोटोत कल्हई नसलेल्या तांब्याच्या लोट्यात सोलकढी किंवा ताक दाखवू नका. आंबट पदार्थाने तांबं उतरतं. एका साइटवर असा फोटो पाहिला आणि विश्वासच उडाला.

कासारवडवली
कल्हईवरून आठवलं, ठाण्यात कल्हईवाला कुठे मिळेल? आईची पातेली पडून आहेत. लहानपणी भाता लावून बसायचे, नवसागराचा तो वास अजून नाकात आहे.

खारघर_से_१२
आमच्या सासूबाई पनवेलला देऊन येतात. पत्ता विचारून सांगते.

नौपाड्याची
कल्हईसाठी कृपया वेगळा धागा काढा, मला उद्या शीट पाठवायची आहे. पण वाशीची_सून, मुद्दा घेतला: आतून कल्हई असलेल्या प्रत्येक भांड्याचा एक फोटो आतला, आणि कल्हई नसलेल्यात पाण्याशिवाय काही नाही.
लेन्सवाले, ते मळकट फोटो तपासले. फाइलच्या माहितीत ॲडोबी आरजीबी लिहिलंय, दुसऱ्याच्या फाइलमध्ये एसआरजीबी. यानेच का?

लेन्सवाला
बरंचसं. या फाइलमध्ये रंग लिहायच्या दोन पद्धती आहेत. साइटवर चढवताना प्रोफाइल, म्हणजे कोणती पद्धत ते सांगणारी नोंद, गळून पडलं की ब्राउझर ती फाइल एसआरजीबी समजून दाखवतो आणि तांबं फिकं पडतं. साइटच्या प्रतीसाठी 'एसआरजीबी, प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेलं' असं लिहा. छपाईसाठी मूळ टिफ (दर्जा न घटवता साठवलेली फाइल) वेगळी मागा.

अनुस्वार
फाइलची नावंही ठरवा. मालाचा कोड, मग ०१ मुख्य, ०२ माप, ०३ आतला भाग, ०४ नक्षी जवळून. 'आयएमजी ४५६७' अशा नावाने आलेला लॉट आमच्याकडे घेतच नाही.

बेलापूरचे_काका
आणि कच्च्या (रॉ) फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशाच्या तशा निघालेल्या, मिळणार की नाही हे दर ठरवतानाच लिहा. हक्क तुमचा असला तरी रॉ फाइल हातात येईलच असं नाही.

नौपाड्याची
काका, हे कामाचं आहे, घेतलं. शीट गटवार केली: पिक्सेल, पार्श्वभूमीचा आकडा, कोन, दिवे, नावं, रॉ. शब्द कमी, आकडे जास्त. आधी एक समई, एक तांब्या, एक परात एवढ्याच्या चाचणीचे पैसे वेगळे देणार आहे. ते तीन फोटो मला आणि फोटोग्राफरला पटले की शीटला जोडायचे आणि पुढचा सगळा माल त्यांच्याशी ताडून बघायचा. बरोबर ना?

लेन्सवाला
बरोबर. चाचणीचे पैसे वेगळे देताय हे फार चांगलं, आमच्याकडे ते फुकटात मागतात. एक ओळ वाढवा: स्पेकमध्ये न बसणारा फोटो फोटोग्राफर जादा पैसे न घेता पुन्हा काढून देईल, पण स्पेकमध्ये बसलेला फोटो 'आवडला नाही' म्हणून पुन्हा हवा असेल तर त्याचे पैसे तुम्ही द्याल. ही दुसरी बाजू नसेल तर चांगला माणूस सही करणार नाही.