मदत हवी आहे: एलएसच्या मॅन पेजमधला 'ब्लॉक' नेमका केवढा?

डिस्क भरत आली म्हणून कुठली फाइल किती जागा खाते ते बघायला बसलो आणि दोन दिवस 'ब्लॉक' या एका शब्दापाशी अडकलोय.

लिनक्सवर जीएनयू प्रकल्पाचं एलएस आहे, म्हणजे फोल्डरमधल्या फायलींची यादी दाखवणारी कमांड. त्याच्या -एस या पर्यायापुढे (हा स्मॉल एस; कॅपिटल एस आकारानुसार क्रम लावतो, तो वेगळा) मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडसोबतच्या मदतपानात, एवढंच म्हटलंय की प्रत्येक फाइलला दिलेली जागा ब्लॉकमध्ये दाखवतो. ब्लॉक केवढा, ते तिथे नाही.

नुसते अंदाज बांधण्यापेक्षा करून पाहिलं. रिकाम्या फोल्डरमध्ये तीन फायली केल्या: एक २० बाइटची, एक ५००० बाइटची आणि तिसरी ट्रंकेट कमांडने १ जीबीची, आत काहीही न लिहिता. फाइलसिस्टिम (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था) ईएक्सटी४ प्रकारची, तिचा ब्लॉक ४०९६ बाइटचा. एलएस -एसने दाखवलं ४, ८ आणि ०, वर 'टोटल १२'. एलएस -एलमध्ये (सविस्तर यादीत) तिसऱ्या फाइलचा आकार १०७३७४१८२४ आणि तरीही वर टोटल १२च.

४०९६चा एक ब्लॉक धरला तर पहिल्या फाइलपुढे १ यायला हवा. स्टॅट (फाइलची माहिती देणारी कमांड) तर त्याच फाइलचे ८ ब्लॉक सांगतो. म्हणजे एकाच फाइलचे तीन हिशेब!

पुढे -के पर्यायापाशी १०२४ हा आकडा सापडला. पण नेहमीचा ब्लॉक १०२४चाच असेल, तर -के वेगळा द्यायचा कशाला? आणि 'टोटल' म्हणजे कशाची बेरीज? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावं.

प्रतिसाद १

तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मापं वेगळी आहेत. फाइलसिस्टिम ४०९६ बाइटच्या तुकड्यांत जागा देते, एलएस ती १०२४च्या मापात सांगतं आणि स्टॅट ५१२च्या. १ × ४०९६, ४ × १०२४, ८ × ५१२: गुणून बघा, जागा तेवढीच.

५१२ हे पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या मानकातलं माप आहे. 'पॉझिक्सली_करेक्ट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कमांड वाचतात ती सेटिंग) लावलेलं असेल तर एलएससुद्धा ५१२मध्ये मोजायला लागतं. तेव्हा परत १०२४वर यायला -के. मॅकवरच्या एलएसमध्ये तर मुळातच ५१२ असतं.

टोटल ही आकारांची नव्हे, डिस्कवर दिलेल्या जागेची बेरीज आहे. १ जीबीच्या फाइलमध्ये काही लिहिलेलंच नाही, म्हणून तिला अजून जागाच मिळालेली नाही. हे इन्फो मॅन्युअलमध्ये (जीएनयूच्या सविस्तर माहितीपुस्तिकेत) नीट दिलंय, मॅन पेज फार त्रोटक आहे. -एससोबत --ब्लॉक-साइझ=१ द्या, थेट बाइटच दिसतील.

धागाकर्ता

मनापासून आभार! करून पाहिलं: ४०९६, ८१९२, ०. आता लागला हिशेब. मग साफसफाईसाठी या टोटलवर विसंबलं तर चालेल ना?

प्रतिसाद २

नको. सबफोल्डरच्या आतल्या फायली त्यात येत नाहीत, -ए दिल्याशिवाय लपलेल्याही नाहीत. शिवाय एकाच फाइलला दोन हार्ड लिंक (त्याच फाइलची दोन नावं) असतील तर एलएस ती दोनदा मोजतं. एलएसच्या मॅन्युअलनेही ही उणीव म्हणून नोंदवलीय. डीयू (फायली-फोल्डरांची जागा मोजणारी कमांड) ती एकदाच मोजतो आणि आतल्या फोल्डरांतही उतरतो, तेव्हा डीयूच वापरा.