कॉलेज फुटबॉलवरचा सट्टा: तक्रार कोणत्या कलमाखाली?

गोलपोस्ट
आंतरमहाविद्यालयीन सामन्याचा भाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निघाला आणि रोकड शाहू स्टेडियमबाहेर गोळा झाली, तर आयोजकांनी तक्रार कशाखाली द्यायची? ‘फुटबॉल कौशल्याचा खेळ आहे’ असं बुकी म्हणाला तर? पोरांचं करिअर यात जायला नको.

कोर्टगल्ली
महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७. कलम ३ नुसार पैज लावणं हा जुगारच. कलम १३ ची सवलत कौशल्याच्या खेळाला आहे. पण मैदानात पळतात पोरं, गॅलरीतला फक्त पैसे लावतो. उघड्यावर पैसे घेतले तर कलम १२, खोलीत अड्डा असेल तर ४ आणि ५. टोळी असेल तर भारतीय न्याय संहितेचं ११२ मागा, त्यात १ ते ७ वर्षं आहेत.

केस पडते ती छाप्यात. कलम ६ प्रमाणे अधिकार किंवा वॉरंट नसताना पोलीस अड्ड्यात शिरले, तर कलम ७ चं गृहीतक (साहित्य सापडलं की जागा जुगाराचा अड्डाच मानायची) हातचं जातं. मग वही आणि मोबाइल सापडूनही तिथं जुगारच चालला होता हे वेगळं सिद्ध करत बसायचं.

पंचनामा
नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. ज्याच्या फोनवर मेसेज आलेत त्यानं ग्रुप सोडू नये, काही डिलीट करू नये. चॅट एक्स्पोर्ट करा, यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) जोडा. ते राहिलं की बचाव पक्ष पहिलं बोट तिथंच ठेवतो.

अ‍ॅपवर लावत असतील तर २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा बघा. त्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

राइट_विंग
सट्ट्याला कलमं आहेत, फिक्सिंगला स्वतंत्र कायदा नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये मॅच फिक्सिंग तेव्हाच्या दंड संहितेच्या ४२० मध्ये, म्हणजे फसवणुकीत, बसत नाही असं म्हटलं. म्हणून बंदीची अट प्रवेश अर्जातच घाला आणि खेळाडू, प्रशिक्षक, पंच सगळ्यांच्या सह्या घ्या. अमेरिकेत ओहायोनं २०२४ मध्ये कॉलेजच्या एकेकट्या खेळाडूच्या कामगिरीवरचे सट्टे बंद केले. कारण साधं आहे: सामना हरायला अख्खा संघ लागतो, पिवळं कार्ड एकटा पोरगा घेऊ शकतो.

गोलपोस्ट
आणि पोरगा उधारीत अडकला असेल तर?

कोर्टगल्ली
करार अधिनियम, १८७२ चं कलम ३०: पैजेचं देणं कोर्टातून वसूल होत नाही. धमकावून मागत असतील तर ती खंडणी, न्याय संहिता ३०८. कॉल रेकॉर्ड जपून पालकांना सोबत घेऊन ठाण्यात जा. एक हप्ताही देऊ नका.