तीस दिवसांत कादंबरी: सातारा-सांगलीकरांनो, कुणी कुठवर गेलं?

सातारा, शाहूपुरी
सुरुवात मीच करते. तीस दिवस, 50,000 शब्द, म्हणजे रोज 1,667. हा उपद्व्याप 1999 च्या जुलैत अमेरिकेत एकवीस जणांनी केला आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नेला. चालवणारी संस्था 2025 मध्ये गुंडाळली, पण आकडा काही आपल्या डोक्यातून जात नाही.

मी 2023 ला बसले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला! आठ तारखेपर्यंत अकरा हजार, मग भाजणी, मग पाहुणे. भाऊबीज उरकून वही उघडली तर नायिकेच्या नवऱ्याचं नाव आठवेना. एकवीस हजारांवर सोडलं. अर्धवट राहिलेल्यांनी आधी लिहा, बाकीच्यांचं कौतुक नंतर करू.

तासगाव
ताई, आमच्याकडं नोव्हेंबर हा द्राक्षबागेचा महिना. ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळी फूट, घड दिसायला लागलेले, अन् त्यात आभाळ आलं की डावणी रोगाची धास्ती. रात्री शिंतोडे पडले तर पहाटे फवारणीला ट्रॅक्टरमागं ब्लोअर जोडायचा. ट्रॅक्टरवर बसून कादंबरी लिहिली असं मी पाहुण्यांना सांगतो, ते खोटं आहे. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्री असायची, त्या आठवड्यात मोटारीवर लक्ष ठेवत शेडमध्ये बसून लिहायचो. फोनला बोलून. पण फोनला आमची बोली कुठं कळतेय? "निगालायस काय" म्हटलं की तो "निकाल आहेस काय" उमटवायचा. मग मी शुद्ध बोलायला लागलो अन् सगळी पात्रं पुण्याला शिकून आल्यागत बोलायला लागली. नायकाची आजी पण! ते काय सोसंना. आजीचं बोलणं तेवढं बोटानं टाइप करत गेलो. महिनाअखेर 26,000 झाले, वाचून बघितलं तर जिवंत तेवढी आजीच. नायक काढून टाकलाय. आता आजीपासनं परत सुरू करतोय, छाटणीच्या आधी.

सांगली, विश्रामबाग
मी भाषांतरं करते, म्हणून शब्द मोजायची खोड आहे. तो 1,667 इंग्रजीच्या मापाचा आहे हो. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. "शेजारणीकडूनसुद्धा" हा आपला एक शब्द, इंग्रजीत तेवढ्यालाच चार लागतात. म्हणून मी 38,000 धरले आणि 29 तारखेला पूर्ण केले. आमचे हे म्हणतात, ही पळवाट. असू दे. (बारा हजार झाल्यावर "करून टाकले", "निघून गेली" अशी जोडक्रियापदं भलतीच वाढली होती, हे मात्र त्यांना सांगितलेलं नाही.)

कराड
मी शिक्षक. 2024 चा नोव्हेंबर निवडला, तोही विधानसभेचा! 20 ला मतदान, 23 ला मोजणी, दोन्हीकडं ड्यूटी. मी वहीत लिहितो: ओळीत आठ शब्द, पानात एकवीस ओळी, दहा पानं झाली की दिवसाचा कोटा संपला. 19 ला साहित्य घेऊन केंद्रावर मुक्कामाला गेलो. बाकीचे झोपले, मी सतरंजीवर बसून सहा पानं ओढली. दुसऱ्या दिवशी कोटा शून्य, बोटाला शाई लावण्यातच दिवस गेला. 30 ला रात्री पावणेबाराला "समाप्त" लिहिलं. बायकोला उठवून सांगितलं, तर ती म्हणाली, दूध आत ठेवलंत का?

कादंबरी वाईट आहे, खरंच. पण तिसऱ्या वहीत एक मतदान अधिकारी आलाय, तो बरा जमलाय. बाकी वह्या कपाटात.

मिरज
एवढी घाई कशाला? कादंबरी म्हणजे काय गळीत हंगाम आहे का, नोव्हेंबरात सुरू करून गाळप उरकायला?

सातारा, शाहूपुरी
मिरजकर, तुमचं म्हणणं पटतं. पण माझी पहिली कादंबरी गेली नऊ वर्षं पहिल्याच प्रकरणात आहे. सावकाशीचाही अनुभव घेतलाय!

वाई
आज पाचवा दिवस. हवे होते 8,335, झालेत 4,200. त्यातले तीनशे पावसाच्या वर्णनात गेलेत आणि कथा उन्हाळ्यातली आहे. गॅसवर कुकर आहे, तिसरी शिट्टी झाली की पुढचं सांगते.