मदत हवी आहे: वित्त आयोगाच्या टाइड ग्रँटमधून (ठरावीक कामांपुरत्या बांधलेल्या निधीतून) विहीर दुरुस्त करता येते का? (गोवा)

नमस्कार मंडळी,

सत्तरीतल्या एका छोट्या पंचायतीचा मतदार आहे. पंच नाही, व्हायची हौसही नाही.

वाड्यावर सार्वजनिक विहीर आहे. कठडा एका बाजूने खचलाय, आणि गाळ इतका की एप्रिलमध्ये कळशी चिखल घेऊनच वर येते. नळ आहेत, पण उन्हाळ्यात त्यांचा भरवसा नाही. ग्रामसभेत विषय काढला तर उत्तर आलं, "फंड ना" (फंड नाही). घरी येऊन पंचायतींचा हिशेब दाखवणारं सरकारी ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडलं, तर पंधराव्या वित्त आयोगाच्या खात्यात चांगली शिल्लक! प्रिंट घेऊन सचिवांना भेटलो. म्हणाले, ती टाइड ग्रँट, तिला हात लावता येत नाही. शिवाय पाणीपुरवठा सरकारी खात्याचा, पंचायतीचा नव्हे.

माझ्या वाचनाप्रमाणे पंधराव्या आयोगाच्या (2021-26) पैशांतले 60 टक्के टाइड. त्यातले निम्मे स्वच्छतेला, निम्मे पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवण्याला. उरलेले 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, फक्त पगार नि आस्थापना सोडून. मग पिण्याच्या पाण्याची विहीर यात का बसू नये? एप्रिलच्या ग्रामसभेत नेमकं काय मागू?

— वाड्यावरचो

---

माजी पंच, फोंडा: बसते. नळयोजना खात्याकडे असली म्हणून गावची विहीर खात्याची होत नाही. पण आधी एक-चौदाचा उतारा (जागा कोणाच्या नावावर ते दाखवणारा) काढा. आमच्याकडे जागा भाटकाराची (जमीनमालकाची) निघाली आणि एनओसीसाठी काम अडकलं ते अडकलंच. दुसरं, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आहे का? आराखड्यात नसलेल्या कामाचं बिल पोर्टलवरून निघत नाही. त्यामुळे नुसती चर्चा नको, आराखड्यात घालायचा ठराव घ्या आणि तो इतिवृत्तात आला की नाही ते तिथेच बघा.

पाणवठा: आणखी एक मेख आहे. पाण्याची गरज पुरी भागली असं ग्रामसभेने प्रमाणित केलं आणि वरून त्याला मान्यता मिळाली, तर पाण्याचा वाटा स्वच्छतेकडे वळवता येतो. गोवा 2020 मध्येच 'हर घर जल' (गावातल्या प्रत्येक घरात नळ पोचलेलं) राज्य जाहीर झालं, त्यामुळे असं लिहून द्यायला कागदोपत्री अडचण काहीच नाही. जुनी इतिवृत्तं मागून घ्या. असा ठराव आधीच झाला असेल तर तुमच्या विहिरीचे पैसे कचऱ्याच्या शेडला गेले म्हणून समजा. सचिव "हात लावता येत नाही" म्हणतात तेव्हा नेमकं कुठल्या वाट्याबद्दल बोलतात, तेही लेखी मागा. तोंडी उत्तराला काही अर्थ नाही.

वाड्यावरचो: देव बरें करूं दोघांनाही. इतिवृत्तासाठी अर्ज दिलाय. उतारा मात्र लगेच मिळाला, त्यावर भाटकार नाही, 'सरकार' लागलंय. आता परवानगी मामलेदाराकडे मागायची की थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे? सत्तरीत सरकारी जागेतल्या विहिरीचं काम कोणी करून घेतलंय का?