मदत हवी आहे: उजनी धरणाच्या फुगवट्यातल्या पाण्याच्या मोटारींसाठी पाणीपातळीचा अंदाज

आम्ही करमाळ्याच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर (धरणामागं पसरलेल्या पाण्याच्या काठावर) आहोत. बारा-पंधरा जणांच्या मोटारी, पिकं केळी आणि ऊस. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की मोटार, केबल, पाइप सगळं पुढं न्यावं लागतं, नाहीतर चारी खोदायची. त्याचा खर्च आणि केळीचं पाणी चुकणं, दोन्ही एकदमच अंगावर येतं.

पेपरात 'उजनी वजा अमुक टक्के' एवढंच येतं. टक्क्यांवरून आमच्या काठाला पाणी किती लांब जाईल ते कळत नाही. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास, त्यातला मृतसाठाच (टक्क्यांत न धरला जाणारा तळाचा साठा) ६३ टीएमसीच्या वर, त्यामुळे शून्य टक्के झालं तरी पाणी असतंच. पण कुठं असतं, हा खरा प्रश्न.

मागच्या वर्षी काठावर खांब रोवून खुणा केल्या, पण चिखलात तोच कलला! एका कार्यालयात विचारलं तर "आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) ठरलं की कळेल" म्हणाले. पाणी उपशाचे परवाने सगळ्यांचे आहेत, तो मुद्दा नाही. पाणी सोडूच नका असंही म्हणत नाही, सोलापूरला प्यायला लागतंच. आठ-दहा दिवस आधी कळलं तरी पुरे.

धरणाची रोजची पातळी मीटरमध्ये, पातळीनुसार साठा व बुडीत क्षेत्राचा तक्ता आणि नदी-कालव्याच्या आवर्तनाचं वेळापत्रक कोणी मिळवलंय का? माहिती अधिकारात मागायचं तर अर्जात नेमके कोणते शब्द लिहायचे?